गृहीतकाच्या रकान्यात काय लिहावे?

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी जो आराखडा सादर करावा लागतो, त्याचा छापील नमुना बहुतेक ठिकाणी सर्व विद्याशाखांना एकच असतो. विषयाचे शीर्षक, उद्दिष्टे, पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतक, नमुना-निवड, संशोधनपद्धती, अपेक्षित निष्कर्ष असा त्याचा क्रम. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तोच भरायचा आणि तुकारामांच्या अभंगांवर काम करणाऱ्यानेही तोच भरायचा. मराठी विभागातली मंडळी आता त्याला सरावली आहेत. ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते’ असे गृहीतक पहिल्या प्रकरणात मांडायचे, मग चारशे पाने कादंबऱ्यांची कथानके सांगायची आणि उपसंहारात ‘सदर गृहीतक सिद्ध झाले आहे’ असे लिहून मोकळे व्हायचे. जे खोटे ठरण्याची शक्यताच नव्हती ते सिद्ध झाले म्हणजे नेमके काय झाले, हे मौखिक परीक्षेत सहसा कोणी विचारत नाही.

हा विनोद आपल्यापुरता करून सोडून देता आला असता. परंतु माझ्या एका विद्यार्थिनीचा आराखडा तीन शेऱ्यांनिशी परत आला आणि तो विनोद राहिला नाही. कोयना धरणाच्या बुडिताखाली गेलेल्या गावांमधून उठून आलेल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, हा तिचा विषय. तिची स्वतःची आजी त्या बायकांपैकी एक. समितीचे शेरे असे होते : गृहीतक स्पष्ट नाही, नमुन्याचा आकार अपुरा आहे, निष्कर्षांची वस्तुनिष्ठ पडताळणी कशी करणार याचा उल्लेख नाही. पहिले दोन शेरे मी फारसे मनावर घेतले नाहीत. तिसरा मात्र घ्यावा लागला. कारण तो प्रश्न रास्त आहे आणि आपण मराठीवाले त्याला गेली कित्येक वर्षे उत्तर न देता नुसते रागावतो. बारा म्हाताऱ्यांच्या ओव्या ऐकून जे हाती येते त्याला ज्ञान म्हणायचे की नाही? म्हणायचे असेल तर ते कोणत्या जातीचे ज्ञान?

मराठीत या प्रश्नाची एक गंमत शब्दांतच आहे. आपण भौतिकशास्त्र म्हणतो तसेच समाजशास्त्र म्हणतो, पाकशास्त्र म्हणतो, नाट्यशास्त्रही म्हणतो. विषय तारे असोत की ताल, त्याची शिस्तीने केलेली मांडणी म्हणजे शास्त्र, एवढा आपला जुना अर्थ. शाळेत मात्र ‘शास्त्राचे सर’ म्हटले की बेडूक, चुंबक आणि परीक्षानळीवाले सरच समजायचे. पुढे ‘विज्ञान’ हा शब्द त्या अर्थाने पक्का झाला. ज्ञानेश्वरांनी सातव्या अध्यायात तो प्रपंचाच्या ज्ञानासाठी वापरला आहे, याची आठवण फक्त आपल्या वर्गात राहिली. जर्मन परंपरेत ही फाळणी अधिक जाणीवपूर्वक झाली. विल्हेल्म डिल्टायने १८८३ मध्ये मानव्यविद्यांचा पाया वेगळा आहे असे प्रतिपादन केले, आणि निसर्गाचा कार्यकारणाने उलगडा करणे व माणसाचे आतून आकलन करून घेणे या दोन क्रिया भिन्न ठरवल्या. (मानव्यविद्यांसाठीचा तो प्रसिद्ध जर्मन शब्द रूढ व्हायला मिलच्या तर्कशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद कारणीभूत झाला, हे भाषांतर-अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.) हे सर्व आपण नेट-सेटच्या तयारीत पाठ केलेले असते. परंतु ‘उलगडा’ आणि ‘आकलन’ हे दोन शब्द शेजारी शेजारी मांडल्याने समितीच्या शेऱ्याला उत्तर मिळत नाही. त्यासाठी एखादी जागा पाहावी लागते, जिथे दोन्ही प्रकारचे अभ्यासक एकाच मातीवर उभे आहेत.

कोयनेचे खोरे ही तशी जागा आहे, आणि माझे महाविद्यालय तिथून फार दूर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारनंतर तिथे जो भूकंप झाला त्यात दोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तोवर दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित, अचल भूमी असे समजले जाई. त्यानंतर देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाच बदलावा लागला. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठवायला लागून तेव्हा पाचेक वर्षे झाली होती. जलाशयाचा आणि भूकंपांचा संबंध काय, या प्रश्नाने पुढे जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना इथे आणले. आमच्याकडे भूशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. ते हा विषय बोलू लागले की स्टाफरूममधले कोणी तासाला उठत नाही. खडकात मुळातच असलेल्या भेगांवर आधीच ताण असतो. पाणी झिरपत खोल गेले की भेगांमधला दाब वाढतो, दोन बाजूंना एकमेकींशी धरून ठेवणारे घर्षण कमी होते आणि साठलेला ताण सुटतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की धक्क्यांची संख्या वाढते, हे दशकानुदशकांच्या नोंदींवरून दिसते. हे पाहण्यासाठी अलीकडे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा उभारली आणि खोऱ्यातल्या गोठणे येथे २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल वेध घेण्यात आला. सुमारे सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटी पाषाण. सहकारी हे सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो उत्तम कविता समजल्याचाच आनंद आहे. त्यात मला काही कमी दर्जाचे दिसत नाही. मानव्यविद्यांची बाजू मांडताना विज्ञानाला रुक्ष, यांत्रिक वगैरे म्हणण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती आळसातून आलेली आहे.

तर त्याच खोऱ्यातून उठवलेल्या माणसांकडे माझी विद्यार्थिनी गेली. समितीला बरे वाटावे म्हणून तिने प्रथम एक प्रश्नावली केली होती. ‘विस्थापनापूर्वीचे जीवनमान : चांगले / मध्यम / वाईट.’ आजीने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “ह्ये कागुद कुठं जायाचं हाय? त्येनं जमिनीचं काय हुतंय का?” नात म्हणाली, “न्हाई गं आजे, कॉलेजात द्यायचंय.” त्यावर आजी म्हणाली, “मग काय बी लिव.”

संख्याशास्त्राच्या भाषेत हा प्रतिसादातला दोष आहे. चांगला सर्वेक्षक तो कमी करण्याच्या युक्त्या जाणतो : प्रश्न बदलून विचारतो, दुसऱ्याकडून विचारवतो, अनेकांची उत्तरे एकत्र ठेवतो. त्या युक्त्या कामाच्या आहेत, त्यांची टिंगल करू नये. परंतु या एका वाक्यात काय आहे ते पाहा. साठ वर्षांत या बाईसमोर तलाठी येऊन गेला, पुनर्वसन खात्याचे साहेब येऊन गेले, मोर्चाचे कार्यकर्ते, पत्रकार, विद्यार्थी येऊन गेले. प्रत्येकाच्या हातात कागद होता आणि कोणत्या कागदावर कोणते उत्तर दिले की काय होते, किंवा काय होत नाही, हे तिला पाठ आहे. आपण तिचा अभ्यास सुरू करण्याआधीच तिने आपला अभ्यास पूर्ण केलेला आहे. तिथे दोष म्हणून गाळायचे तेच इथे हाती लागलेले पहिले ज्ञान होते. आमच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले तर ते हसून म्हणाले, “मॅडम, आमचा दगड मुलाखत देत नाही, पण तो आधी तुमचं ओळखपत्रही बघत नाही.”

दगड माणसाच्या कृतीला प्रतिसाद देतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. धरण बांधले म्हणूनच तर कोयनेचा खडक हलला. पण तो पाण्याच्या भाराला हलला. त्याच्याविषयी लिहिलेल्या अहवालाला हलला नाही. आजी अहवालालाही हलते. हा फरक छोटा वाटतो, आणि माझ्या मते सगळे त्यातच आहे.

याचे ढळढळीत उदाहरण जनगणनेच्या इतिहासात आहे. हर्बर्ट रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. जातींचा आणि नाकाच्या मापाचा संबंध लावण्याचा उद्योग त्यांनी आधीच केलेला होता. या जनगणनेत त्यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार वर-खाली मांडणी करायला लावली. त्यांना वाटले, आपण असलेली उतरंड नोंदवत आहोत. नोंद होताच उतरंड बोलू लागली. आपली जात वरच्या वर्णात घालावी, नाव बदलावे, अमुक जातीच्या खाली दाखवू नये, असे अर्ज निघाले. अर्ज करण्यासाठी सभा निघाल्या, सभांनी जातींचे इतिहास लिहवून घेतले. १९११ मध्ये बंगालात आलेल्या अशा अर्जांचे वजनच दीड मण भरले, असे तिथल्या अहवालात नमूद आहे. भूकंपमापकाच्या नोंदीवर हरकत घ्यायला सह्याद्री कधी आलेला नाही. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली : माणसांचे वर्गीकरण केले की ती माणसे त्या वर्गाला पाहून बदलतात, आणि मग वर्गही बदलावा लागतो. पुढील जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यावर बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलले गेले, पण मोजणीमुळे मोजले जाणारे बदलते हा १९०१ चा धडा त्या चर्चेत मला फारसा ऐकू आला नाही.

इरावती कर्वे आपल्या विद्यार्थ्यांना ‘युगान्त’मुळे ठाऊक असतात. अभ्यासक्रमात महाभारतावरचा एखादा लेख असतो, प्रश्नपत्रिकेत ‘इरावतीबाईंची द्रौपदीविषयक दृष्टी’ असते, संपले. मला मात्र या विषयावर विचार करताना राहून राहून त्यांच्या बर्लिनच्या दिवसांची आठवण होते. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीला गेल्या. कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र व आनुवंशिकतेची शाखा तिथे १९२७ मध्ये सुरू झाली होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. फिशर यांचे गृहीतक असे होते की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक मोठा असतो, म्हणून त्याची कवटी असमान असते, आणि बुद्धीचे श्रेष्ठत्व त्यात आहे. तरुण इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, वंशाशी तिचा संबंध सापडला नाही. तसे त्यांनी प्रबंधात लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्याच गृहीतकाविरुद्ध!

इथे छापील नमुन्यातला प्रत्येक रकाना योग्य रीतीने भरलेला आहे. गृहीतक होते, नमुना होता, मोजमाप होते, पडताळणी होती आणि गृहीतक पडले. मोजपट्टीच्या विरोधात भावनेची बाजू घेणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे; एका विषारी कल्पनेला त्या दिवशी मोजपट्टीनेच खोटे पाडले. तरीही पुढे काय झाले? फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि वंशविचार जर्मनीचा राज्यकारभार झाला. १४९ कवट्यांचा निष्कर्ष त्याच्या आड आला नाही. कारण ते गृहीतक कवट्यांमधून आलेलेच नव्हते. त्या कवट्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या तिथून बर्लिनपर्यंत कोणी आणल्या, कशा परवानगीने, आणि एका सुसंस्कृत प्राध्यापकाला त्यांच्याकडून नेमके तेच उत्तर का हवे होते, हे कोणत्याही मापाने कळत नाही. ते कळण्यासाठी पत्रव्यवहार वाचावा लागतो, वसाहतींचा इतिहास वाचावा लागतो, लोकांच्या भीती आणि अभिमान वाचावे लागतात. ‘वाचावे’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरते आहे, कारण आपला धंदा तो आहे.

इरावतीबाईंनी परत आल्यावर मोजणे सोडले नाही. त्यांच्या चरित्राचे ‘मापांकडून माणसांकडे’ असे सोयीस्कर कथानक करण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे; डेक्कन कॉलेजात असताना त्या अखेरपर्यंत शरीरमापनही करत होत्या. पण त्याच बाई गावोगाव हिंडून नात्यांचे शब्द गोळा करत होत्या, आणि त्यांतून १९५३ चा भारतीय आप्तसंबंधांवरचा ग्रंथ उभा राहिला. आता नाती घ्या. जनुकांच्या हिशेबात मामेबहीण आणि चुलतबहीण सारख्याच अंतरावर असतात. महाराष्ट्रातल्या अनेक जातींच्या हिशेबात मामाची मुलगी बायको होऊ शकते आणि चुलत्याची मुलगी जन्मभर बहीणच राहते. तिच्याविषयी तसा विचार मनात आणणेसुद्धा पाप. रक्ताची तपासणी करून हा फरक सापडणार नाही, आणि तो खोटाही नाही. लोक त्याच्यावर लग्ने ठरवतात, भांडतात, रडतात. तो शब्दांत आणि शब्दांमुळे आहे. कोणाला तरी विचारल्याशिवाय, आणि उत्तर देणाऱ्याची भाषा कळल्याशिवाय, तो हाती लागायचा नाही.

मग त्या वारीत गेल्या. ‘वाटचाल’ हा त्यांचा लेख मराठी वाचक ललित लेख म्हणून वाचतो. आळंदीहून पंढरपूरला चालणारी दिंडी, पाऊस, अभंग, बायकांच्या गप्पा, आणि त्यातच एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे चालतात-जेवतात हे पाहून झालेली तगमग. हाच लेख दिनकर धोंडो कर्वे यांनी इंग्रजीत नेला आणि तो १९६२ मध्ये आशियाई अभ्यासाच्या एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात छापला गेला. १९७० च्या दशकात व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रेचा सिद्धांत मांडताना त्याचा आधार घेतला. म्हणजे तोच मजकूर एका कपाटात ललित आणि दुसऱ्यात मानवशास्त्र. त्यात गृहीतक नाही. नमुना एक दिंडी. संशोधक दिंडीच्या आत, पायाला चिखल लागलेली, कोणाबरोबर जेवायचे या प्रश्नात स्वतः अडकलेली.

तेव्हा लिहिणाऱ्याचा ‘मी’ आत असला की झाले, असे कोणी समजेल. तसे नाही. दर आषाढात पुरवण्यांतून वारीवर जे लिहिले जाते त्यात ‘मी’ भरपूर असतो आणि वारी जवळजवळ नसते. लेखकाचे डोळे पाणावतात, समता दिसते, लेख संपतो. इरावतीबाईंचेही मन भरून आले होते; पण वेगळ्या चुली त्यांनी नजरेआड केल्या नाहीत. स्वतःच्या भारावण्याला छेद देणारी गोष्ट त्याच पानावर नोंदवण्याची ही तयारी, बर्लिनमध्ये मार्गदर्शकाचे गृहीतक पाडणाऱ्या तयारीहून मला वेगळी वाटत नाही.

भूशास्त्राच्या सहकाऱ्यांचा खरा आक्षेप मात्र इथेच होता. “ठीक आहे, पण तुमचं चुकलं हे तुम्हाला कळतं कसं? आमचं कळतं. वेध घेतला आणि ग्रॅनाइट नाही लागला, तर आम्ही चुकलो.” या आक्षेपाला मराठी समीक्षेने एकदा फार महत्त्वाकांक्षी उत्तर देऊन पाहिले. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे अशा रीतीने मांडली की चित्र, संगीत, कविता सगळ्यांना ती लागू पडावीत. नियम सापडला की आपलेही शास्त्र होईल, ही त्यामागची ओढ. ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिताना (१९७४) रा. भा. पाटणकरांनी त्या ओढीची अत्यंत कसून तपासणी केली, आणि कलेविषयीच्या आपल्या संकल्पना अशा एका सूत्रात बसत नाहीत हे दाखवले. मर्ढेकरांचा प्रयत्न फसला असे मला वाटते. पण तो फसला हे दाखवता आले, युक्तिवादाने आणि उदाहरणांनी दाखवता आले, हेही काही कमी नाही. म्हणजे आपल्याकडेही चूक कळते. फक्त ग्रॅनाइट लागण्यासारख्या एका फटक्यात कळत नाही.

ती कशी कळते, हे मला माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत दिसले. प्रश्नावली तिने बाजूला ठेवली होती. आजीला ओव्या नुसत्या बसून आठवत नव्हत्या. गावात गिरणी येऊन जमाना झाला. शेवटी शेजाऱ्यांच्या परड्यात पडलेले जुने जाते धुऊन आणले, मूठभर दाणे टाकले आणि खुंटा हातात आल्याबरोबर ओव्या सुरू झाल्या. ज्ञान कुठे साठवलेले असते, याविषयी यात एक वेगळा प्रबंध आहे. असो. त्या ओव्यांत एक अशी होती, जिच्यात नदीला पाणी आले आहे, वाट बुडाली आहे आणि पलीकडचे माहेर दिसत नाही. मुलीने ती ‘बुडिताच्या ओव्या’ या प्रकरणाच्या अग्रभागी ठेवली. कोणीही ठेवली असती. आजीचे माहेर खरोखरच शिवाजीसागराच्या तळाशी आहे.

मी तिला म्हटले, ही ओवी धरणानंतरची आहे हे कशावरून? हा प्रश्न मला भूशास्त्रामुळे सुचला, हे इथे मान्य केले पाहिजे. थर कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे विचारण्याची सवय त्यांची. ओव्यांच्या बाबतीत असे विचारणे शक्यही आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये १९४० मध्येच ओव्यांचा मोठा संग्रह केला, आणि हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्याही होत आहेत. मुलगी आधी अशा संग्रहांत फिरली. मग एका सुट्टीत खोऱ्याच्या वरच्या अंगाला, जे गाव पाण्याखाली गेले नाही तिथे गेली. तिथल्या एका आजीने तीच ओवी म्हटली. तिच्या आईकडून आलेली, धरणाचे नावही नव्हते तेव्हाची. श्रावणात पंचमीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा, आणि नदीला पूर असला की तो यायचा नाही. ओवी त्या पुराची होती.

प्रकरणाचा पायाच गेला म्हणून मुलगी रडवेली झाली. वेध घेतला आणि ग्रॅनाइट लागला नाही, असे मी सहकाऱ्यांना सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती. पण इथे एक सोय आहे, जी त्यांना नाही. आपण परत जाऊन विचारू शकतो. ती परत गेली आणि आजीला म्हणाली, “आजे, ही तर मुराळ्याची ओवी हाय. तू मला गावाची म्हून का सांगितलीस?” आजीला प्रश्नच विचित्र वाटला. “आदी मुराळ्यासाठनं म्हनत हुतो,” ती म्हणाली. “आता कुठला मुराळी आन् कुठलं म्हायार. आता गावासाठनं म्हनती.”

शब्द तेच आहेत. १९६२ च्या आधी त्यांचा एक अर्थ होता आणि नंतर दुसरा झाला, आणि हा बदल ओवीच्या एकाही अक्षरावर दिसत नाही. ज्या पाण्याने सव्वा किलोमीटर बेसाल्टखालच्या भेगांमधला दाब बदलला, त्याच पाण्याने हाही बदल केला. पहिल्या बदलाची नोंद यंत्राने होते. दुसऱ्याची नोंद होण्यासाठी कोणी तरी त्या बाईला ओळखणारे, तिची बोली समजणारे, मुराळी म्हणजे काय हे ठाऊक असलेले माणूस जात्यापाशी बसावे लागते. आणि त्या माणसाने आपले पहिले वाचन तपासून पाहायला डोंगर चढून वरच्या गावीही जावे लागते. पहिला अर्थ खोटा ठरला आणि दुसरा खरा, असेही झाले नाही. दोन्ही आपापल्या काळी खरे आहेत आणि प्रकरणाला आता तारखा आल्या आहेत. कोयनेतून उठलेल्या माणसांची पाहणी इरावतीबाईंनी आपली लेक जाई निंबकर हिच्याबरोबर केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. एक मानवशास्त्रज्ञ, दुसरी कथा-कादंबरीकार. त्या जोडीची आठवण मुलीने आपल्या सुधारलेल्या आराखड्यात, पद्धतीच्या भागात, एका वाक्यात केली आहे. समितीला ते वाक्य कसे वाटेल ते वाटो.

परवा तिने आजीला मोबाइलवर तिचाच आवाज ऐकवला. आजीने दोन ओळी ऐकल्या, हाताने थांबव म्हणून खूण केली आणि ‘नदी’ या शब्दाच्या जागी ‘धरन’ घालून ओवी पुन्हा म्हटली. मात्रा जुळेनात, तेव्हा पुढचा शब्द थोडा लांबवला. मुलीने विचारले, आता खरी कोणती लिहू? “तिन्ही लिव की,” आजी म्हणाली, आणि खुंट्यावरचा हात काढून चहा ठेवायला उठली.